घरातला रेडिओ बाहेरून का उघडत नाही, हे नेट देणाऱ्याने आधीच सांगावं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घरच्या नेटवर्कला जोडायचे रेडिओ रिसीव्हर घेणारे हौशी लोक आता छोट्या गावांतही भेटतात आणि त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, घरात मस्त चालतो पण बाहेरून, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या इंटरनेटवरून, उघडत नाही. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर आहे, कोकणात राहतो, ओळखीच्यांना असे सेट लावून देतो म्हणून हे पत्र लिहितोय. बऱ्याच घरांत दोष रिसीव्हरचा नसतोच, इंटरनेट कनेक्शनच अशा पद्धतीने दिलेलं असतं की बाहेरून आत यायला वाट नाही, आणि कनेक्शन देताना हे कोणीही सांगत नाही.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात सांगतो. किवीएसडीआर म्हणून एक सेट मिळतो, बीगलबोन नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर बसवलेला बोर्ड, १० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकतो, आणि ब्राउझरमधून एकाच वेळी चारजण आपापल्या वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बसू शकतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट, सोलरचे इन्व्हर्टर यांचा इतका खरखराट असतो की शॉर्टवेव्हवर काही ऐकू येणं कठीण. गावच्या घरी परसात वायर ताणली की तोच बँड स्वच्छ येतो. म्हणून सेट गावाला लावायचा आणि शहरातून ऐकायचं, कॉलेजच्या पोरांना ७ मेगाहर्ट्झवर हॅम लोक सकाळी कसे बोलतात ते ऐकता येतं, परदेशात गेलेल्यालाही मध्यम लहरींवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला थेट लावता येतं. हे सगळं अवलंबून आहे ते सेट बाहेरून उघडण्यावर.

आता उघडत नसेल तर शोधायची सुरुवात घरातूनच करा, एकदम कंपनीला फोन लावू नका. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे विजा पडतात आणि ॲंटेना काढून ठेवला नसेल तर नेटवर्कची केबल लावायचं पोर्टच जळतं, म्हणून पहिल्यांदा केबल लावल्यावर पोर्टची लाइट लुकलुकते का ते बघा. मग त्याच राउटरवरच्या लॅपटॉपवर किवीएसडीआर डॉट लोकल असा पत्ता आणि पुढे ८०७३ हा पोर्ट क्रमांक टाका (हे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, सेट ज्या दारावर उत्तर देतो त्याचा नंबर). जुन्या अँड्रॉइड फोनला हे डॉट लोकल कळत नाही, तेव्हा राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते तिथून नंबरवाला पत्ता घ्या, १९२.१६८ ने सुरू होणारा. फोन गेस्ट वायफायवर असेल तर सेट दिसणारच नाही, गेस्टवाल्यांना घरातली बाकीची उपकरणं मुद्दामच दाखवत नाहीत.

आरटीएल-एसडीआरचा स्वस्त डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लावून वापरणारेही बरेच आहेत (मुळात टीव्ही बघायला बनवलेली चिप आहे ती, तिच्यावर इतकं ऐकता येतं हे लोकांच्या लक्षात आलं २०१२ च्या सुमारास). त्यांचा घोळ वेगळा असतो. आरटीएल-टीसीपी हा डोंगलचा सिग्नल नेटवर्कवर पाठवणारा प्रोग्राम काही न सांगता चालू केला की तो फक्त त्याच मशीनशी बोलतो, १२७.०.०.१ वर, घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरने १२३४ पोर्टवर कितीही हाका मारल्या तरी उत्तर नाही. चालू करतानाच त्याला ०.०.०.० वर, म्हणजे बाकीच्या मशीनचंही, ऐक असं सांगावं लागतं. आणि जोडला गेला तरी आवाज तुटतो कारण सेकंदाला २४ लाख नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे जवळजवळ ३८ मेगाबिट सतत वाहणार, दोन भिंतींपलीकडच्या वायफायला ते झेपत नाही, तिथे सरळ केबल टाकायची. किवीमध्ये हा प्रश्न येत नाही, तो सगळी मेहनत आतच करतो आणि बाहेर फक्त आवाज आणि चित्र पाठवतो.

घरात सगळं ठीक असेल तर पुढचा नंबर राउटरचा. लाइट जाऊन आली की राउटर सेटला नवा पत्ता देऊ शकतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेल्याला सेटकडे पाठवायची राउटरमधली सोय) मात्र जुन्याच पत्त्यावर राहतं, काल चालत होतं आज नाही याचं कारण खूपदा एवढंच असतं, तेव्हा तो पत्ता राउटरमध्ये सेटच्या नावावर कायमचा राखून ठेवा. बऱ्याच घरांत कंपनीचा फायबरचा डबा आणि त्याच्यामागे स्वतःचा वायफाय राउटर असे दोन असतात, मग एकातच फॉरवर्ड करून भागत नाही, दोन्हींत करावं लागतं, नाहीतर कंपनीचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नुसता पुढे पाठवणारा, करून घ्यावा लागतो. शिवाय घरात बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता उघडून बघू नका, पुष्कळ राउटर आतून तसं जाऊ देत नाहीत आणि चांगला चालणारा सेट बंद वाटतो. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघा.

आणि आता मुख्य मुद्दा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (कंपनीच्या बाजूचा) म्हणून जो पत्ता दिसतो तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक घरांना एकच पत्ता वाटून देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेच्या, मागे आहात. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे नंबरवाले पत्ते, जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच, त्यांचा मूळ साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आणि २०१२ मध्ये कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी हा १००.६४ चा पट्टा वेगळा काढून ठेवला गेला. एका खऱ्या पत्त्यामागे अनेक घरं बसवायची, मोठ्या सोसायटीला गेटवर एकच नंबर आणि आत फ्लॅटचे नंबर कोणालाच माहीत नाहीत, तसं. घरातून बाहेर जाणारं सगळं नीट चालतं, बाहेरून येणाऱ्याला कुठल्या घरी सोडायचं ते मात्र कोणाला सांगता येत नाही. अशा ठिकाणी तुम्ही आपल्या राउटरमध्ये हवी तितकी पोर्टं उघडा, काही होणार नाही, कारण अडवणूक तुमच्या राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या यंत्रावर आहे.

कस्टमर केअरला विचारलं की राउटर रीस्टार्ट करा म्हणतात, घरी आलेला मुलगा विचारतो तुमचा सीसीटीव्ही फोनवर दिसतो ना, मग नेट ओके आहे. त्या मुलाला दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नाही. कॅमेरा दिसतो कारण तो स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरला जोडलेला असतो, त्याला आत येणारी वाट लागतच नाही. पण या गोंधळात लोक सेट परत पाठवतात, नवा राउटर घेतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणीतरी सांगतं म्हणून राउटरमध्ये डीएमझेड, म्हणजे एका उपकरणाची सगळीच पोर्टं बाहेरच्यांना उघडी करायची सोय, चालू करून ठेवतात. आज सीजीनॅटमुळे त्याने काही होत नाही, उद्या कंपनीने खरा पत्ता दिला की ते उपकरण सगळ्या जगाला उघडं. आरटीएल-टीसीपीला तर पासवर्डच नसतो, तो थेट इंटरनेटवर कधीच सोडू नका, आणि किवीचा ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी घाला.

सीजीनॅटमधून मार्ग आहेत. किवी बनवणाऱ्यांनीच अशा घरांसाठी प्रॉक्सीची, म्हणजे मधल्या सर्व्हरची, सोय केली आहे, सेट स्वतःहून बाहेर जोडतो आणि ऐकणारे तिकडून येतात. चार ओळखीच्यांपुरतं हवं असेल तर टेलस्केलसारखा खाजगी नेटवर्कचा उपाय पुरतो, डोंगलवाल्यांसाठी मला तोच जास्त सुरक्षित वाटतो. काही ठिकाणी जास्तीचे पैसे भरून स्थिर, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता मिळतो. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) असेल तर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरच्यांना अडवणाऱ्या भिंतीत) तेवढं एक पोर्ट उघडायचं, पण ऐकणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवं.

हे सगळं ज्याला जमतं तो करतो. गावच्या घरी आईवडील एकटे, मुलगा शहरातून फोनवर सांगतोय आणि राउटरचं पान इंग्रजीत, त्यांनी काय करायचं? म्हणून इंटरनेट कंपन्यांनी कनेक्शनच्या फॉर्मवरच, मराठीत, लिहावं की हा पत्ता सीजीनॅटमधला आहे का, स्थिर पत्ता मिळेल का, किती पैशांत, आणि आयपीव्ही६ राउटरवर चालू करून दिलं आहे का. स्पीड मोठ्या अक्षरात छापता येतो तर हेही छापता येईल. ट्राय या दूरसंचार नियामकानेही प्लॅनच्या माहितीत हे सांगणं सक्तीचं करावं, आणि आपल्या वृत्तपत्राने हा प्रश्न कंपन्यांना विचारावा ही विनंती.

आपला,
एक हौशी रेडिओ ऑपरेटर, चिपळूण