मराठी पुस्तकं मगांच्या मागे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारी माटुंग्याच्या बाजारात मेथी घ्यायला गेले आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांपाशी अडकले, नेहमीप्रमाणे. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचं पुनर्मुद्रण! पाठीला चिकटपट्टी, आत कुणाचं तरी बसचं तिकीट. घासाघीस करून साडेतीनशेला मिळालं. पिशवीत त्याच्याखाली मेथी चेंगरली, ते सोडा.

तक्रार वेगळीच आहे. घराजवळच्या एका पुस्तकांच्या दुकानात मराठीचं कपाट आता शेवटच्या कोपऱ्यात, चहाच्या मगांमागे ढकललंय. खालचा कप्पा बघायला उकिडवं बसावं लागतं. साठीनंतर गुडघे ऐकत नाहीत. विचारलं तर म्हणे, "मराठी कोण घेतं, काकू?" अहो, मी घेते की! निदान एक स्टूल तरी ठेवा.

– एक वाचक, शीव