भिंतीतल्या मत्स्यटाकीचे वजन कोण मोजणार?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गृहसजावट पुरवणीत दिवाणखाना आणि शयनगृह यांच्यामधल्या भिंतीत बसवलेल्या मोठ्या मत्स्यटाक्यांवरचा सचित्र लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती आणि लेखिकेची हौस खरी होती, याबद्दल शंका नाही. रंगसंगती, दिवे, माशांच्या जाती आणि टाकी कोणत्या दिशेला असावी, हे सारे त्यात सविस्तर आले. पाण्याने भरलेल्या टाकीचे वजन किती होते आणि ते शेवटी कशावर टेकते, याविषयी मात्र एक वाक्यही आले नाही. बहुमजली इमारतींच्या संरचनेचे हिशेब करण्यात उमेदीची वर्षे गेलेला आणि घरी मासेही पाळणारा वाचक या नात्याने ही बाजू आपल्या वाचकांपुढे यावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच ही टाकी हौशी मंडळींत आता फार मोठीही समजली जात नाही. तिचे आकारमान २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर होते. वरचे दोन इंच मोकळे सोडले तरी सव्वासहाशे लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो वजन, आत राहते. १२ मिलिमीटर जाडीच्या काचांचे १२० किलो, तळाची वाळू आणि दगड यांचे १०० किलो, लोखंडी स्टँड आणि प्लायवुड यांचे साठ-सत्तर किलो, आणि खाली गाळणीसाठी ठेवलेल्या छोट्या टाकीचे, ज्याला हे लोक ‘सम्प’ म्हणतात त्याचे, पाण्यासह आणखी १०० किलो धरले की बेरीज एक टनावर जाते. हा टनभर भार बारा चौरस फुटांवर, म्हणजे जेमतेम १.१ चौरस मीटरवर उभा असतो. निवासी खोल्यांच्या स्लॅबसाठी ‘आयएस ८७५’ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात धरलेला वापराचा भार मात्र दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो इतकाच आहे.

‘भिंतीत बसवलेली टाकी’ या शब्दप्रयोगामुळे भार भिंत उचलते, असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात आरसीसी सांगाड्याच्या इमारतीतली आतली भिंत साडेचार इंची विटांची किंवा हलक्या ब्लॉकची असते आणि टाकी दोन फूट रुंद असते. भिंत ही केवळ चौकट. टाकी उभी असते ती तिच्या मागच्या खोलीच्या जमिनीवर. त्या भिंतीखाली बीम असेलच असेही नाही, कारण खोल्यांच्या मधल्या भिंती अनेकदा थेट स्लॅबवर उचललेल्या असतात. सजावटकारांचा एक आवडता युक्तिवाद असा, की भिंतीला सहा फुटी खिडकी पाडली म्हणजे तेवढ्या विटांचे वजन कमी झालेच. हिशेब केला तर गिलाव्यासह ते वजन पावणेतीनशे ते तीनशे किलो भरते आणि भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय खिडकी पाडल्यावर वर उरलेल्या विटांना आधार म्हणून लिंटेल घालावे लागते आणि ते दोन्ही बाजूंना किमान सहा इंच भिंतीवर टेकावे लागते. तेही अनेक ठिकाणी घातले जात नाही. टाकीच्या वरच्या काचेवर प्लायवुडची पट्टी ठेवून भिंत तिच्यावर सोडून देतात, आणि पुढे काचेला तडा गेला की दोष काचेला लावतात.

दुसरा युक्तिवाद पाहुण्यांचा. सत्यनारायणाच्या पूजेला वीस-पंचवीस माणसे बसतात तेव्हा स्लॅब कुठे कोसळतो, असे विचारले जाते. त्याचे उत्तर असे, की ती माणसे खोलीभर पांगलेली असतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. टाकी दहा वर्षे एकाच जागी उभी राहते, आणि सतत भाराखाली असलेले काँक्रीट वर्षानुवर्षे किंचित-किंचित वाकतच राहते. खालच्या घरातल्या भिंतीवर अचानक उमटलेल्या तिरक्या भेगेचे कारण वरच्या मजल्यावर सापडू शकते, हे आमच्या व्यवसायात नवे नाही.

यावरून प्रत्येक सहा फुटी टाकी धोकादायक असते, असे मात्र मला म्हणायचे नाही. सुस्थितीतल्या इमारतीत, बीमला लागून, बीमच्या लांबीला समांतर ठेवलेली आणि खाली भार पसरवणारी लोखंडी चौकट दिलेली अशी टाकी बहुधा निभावून जाते. घातक ठरतात त्या जागा निराळ्या. खोलीच्या मधोमध, स्लॅबच्या पोटात येणारी जागा हे एक उदाहरण. न्हाणीघराचा खोल स्लॅब विटांच्या तुकड्यांनी आधीच भरलेला असतो. न्हाणीघर हलवून तिथे टाकी आणणे हे दुसरे. सर्वांत वाईट जागा म्हणजे दिवाणखान्यात मिसळून घेतलेली बाल्कनी, आणि नेमकी तीच सजावटकारांना सर्वाधिक आवडते. बाल्कनी बाहेर झुकलेली असते, तिचा सारा भार एका कडेवर येतो, तिच्या मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या थरात असतात आणि वर्षानुवर्षांचा पाऊसही वरूनच झिरपलेला असतो. तिथल्या सळ्या किती गंजल्या आहेत हे वरची लादी काढल्याशिवाय कळत नाही, आणि टाकीसाठी लादी काढून पाहणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आवश्यक आहे. ठाणे, पुणे आणि मुंबईच्या उपनगरांत ‘मिवान’ पद्धतीच्या अ‍ॅल्युमिनिअम साच्यांत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्याच असतात, आणि इमारतीचा भार याच भिंती वाहतात. अशा भिंतीला सहा फुटी खिडकी पाडणे म्हणजे खांब कापण्यासारखेच आहे. तिथे टाकी हवी असेल तर ती भिंतीसमोर उभी करून पुढे खोटी भिंत बांधावी, काँक्रीट कापणाऱ्या कोर कटरला मुळीच बोलावू नये. भारवाही भिंतींच्या जुन्या चाळींनाही हाच नियम लागू आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत संरचनेतल्या दोषांची जबाबदारी रेरा कायद्याने विकासकावर टाकली आहे. मालकाने स्वतः भिंत कापली असेल तर विकासक त्यातून अंग काढून घेणार, हे उघड आहे.

काचेबद्दल थोडक्यात. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर अवलंबून नसतो, उंचीवर असतो. दोन फूट खोल पाण्यात सहा फुटी पुढच्या काचेवर एकूण ३४० किलोच्या आसपास रेटा येतो; उंची तीन फूट केली की तो सव्वादोनपट होतो. म्हणून ‘आणखी एक फूट उंच करू, छान दिसेल’ हा निर्णय दुकानात उभ्याउभ्या घ्यायचा नसतो. १६ डिसेंबर २०२२ रोजी बर्लिनमधल्या हॉटेलातली ‘अ‍ॅक्वाडोम’ ही दहा लाख लिटरची टाकी पहाटे फुटली आणि तिच्यातल्या सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक मेले. तज्ज्ञांच्या चौकशीत सांध्याची चिकटवण, दुरुस्तीच्या काळात कोरडे पडलेले अ‍ॅक्रिलिक आणि तळाशी राहिलेली खाच अशा तीन शक्यता पुढे आल्या. एकच ठाम कारण सांगता आले नाही. त्या फुटीचे व्हिडिओ आपल्याकडेही पुष्कळ फिरले. घरगुती टाक्या सहसा अशा फुटत नाहीत. त्या झिरपतात, आणि म्हणून नुकसान महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

घरोघरी प्रत्यक्ष पूर येतो तो वीज गेल्यावर. वरच्या टाकीतले पाणी सम्पमध्ये उतरते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. वीज गेली, पंप थांबला, की वर चढवणाऱ्या नळीचे पाण्यात बुडालेले तोंड उलट काम करू लागते आणि ते उघडे पडेपर्यंत टाकीतले पाणी खाली येत राहते. नळी पाण्याखाली सहा इंच बुडालेली असेल, तर १७० लिटर पाणी सम्पमध्ये येते. सम्पमध्ये तेवढी जागा नसेल तर ते जमिनीवर, आणि तिथून खालच्या शेजाऱ्याच्या छतावर जाते. उपाय फुकटचा आहे: नळीला पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर एक बारीक भोक पाडायचे, म्हणजे हवा आत शिरून प्रवाह तुटतो, आणि टाकी सुरू करण्याच्या दिवशीच पंप बंद करून पाणी कुठवर चढते ते पाहायचे. एकमार्गी झडप बसवली की भागते, असे दुकानदार सांगतात. शेवाळाचा एक धागा अडकला की ती झडप उघडीच राहते.

मरीन ड्राइव्हच्या १९५१ सालच्या तारापोरवाला मत्स्यालयात ज्यांनी लहानपणी काचेला नाक लावले असेल, त्यांना भिंतीत मासे हेच चित्र आठवेल. प्रेक्षकाला दिसत नाही ती अशा मत्स्यालयांतली भिंतीमागची वाट, जिथून माणसे टाक्यांत हात घालतात, माशांना खाऊ घालतात आणि काचा घासतात. घरात ती वाट कोणी ठेवत नाही. टाकीच्या वर किमान दीड फूट मोकळी जागा आणि मागे माणूस वळेल एवढी फट नसेल, तर आठवड्याला लागणारा दीडशे लिटर पाण्याचा बदल होत नाही, आणि मासे मरतात. बंद कप्प्यात वाफ कोंडली की पावसाळ्यात प्लायवुड फुगते आणि जिप्समच्या भिंतीला बुरशी येते. म्हणून तिथे छोटा एक्झॉस्ट पंखा आवश्यक आहे. विजेचे सॉकेट पाण्याच्या पातळीच्या वर असावेत, वायर सॉकेटमध्ये जाण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, आणि या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असावा. माशांच्या जातींवर आपल्या लेखात बरेच आले असल्याने एवढेच म्हणतो, की भरभराटीसाठी घेतला जाणारा सिल्व्हर अरोवाना दोन-तीन फूट वाढतो, दोन फूट रुंदीच्या टाकीत त्याला नीट वळताही येत नाही, आणि झाकण नसेल तर तो उडी मारून बाहेर पडतो.

आता मूळ मुद्दा. टाकीच्या कामात सजावटकार, गवंडी, काच जोडणारा आणि मासेवाला असे चार जण गुंतलेले असतात; भाराबद्दल विचारले तर चौघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतल्या फेरबदलासाठी व्यवस्थापक समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. पण परवानगीच्या अर्जांत लाद्या, नळ आणि खिडक्या यांचे रकाने असतात. टाकीचा नसतो, कारण टाकी हे फर्निचर समजले जाते. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तळमजल्यावरील फेरबदलांवरच आरोपांचा रोख होता. तिथे टाकीचा काही संबंध नव्हता; परंतु एका गाळ्यातले काम इतरांच्या जिवावर कसे येते, हे त्यानंतर तरी कोणाला समजावून सांगावे लागू नये.

म्हणून संस्थांच्या समित्यांना विनंती, की तीनशे लिटरच्या वरची कोणतीही टाकी असेल तर पाण्यासह वजन, जमिनीवरची नेमकी जागा आणि तिच्याखालच्या बीमचे स्थान दाखवणारा साधा नकाशा अर्जासोबत मागवावा, आणि त्यावर परवानाधारक संरचना अभियंत्याची सही असावी. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचना तपासणी करण्याची तरतूद उपविधींत आहेच. त्या तपासणीला येणाऱ्या अभियंत्याला अशा टाक्यांची यादी आधीच द्यावी, कारण सुंदर पॅनेलमागे लपलेली टाकी त्याला दिसत नाही. आपल्या पुरवणीने यापुढे असा लेख छापताना छायाचित्राखाली टाकीचे लिटर आणि किलो हे दोन आकडे द्यावेत, एवढी आपणास विनंती.

आपला,
एक निवृत्त संरचना अभियंता, ठाणे