स्पॉकच्या हातात तलवार नसते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्टार ट्रेक’च्या साठीवरचा लेख वाचला. अंतराळयानातल्या माणसांच्या या मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला, म्हणजे यंदा बरोबर ६० वर्षं. मराठी पेपरात कुणाला तरी याची आठवण झाली म्हणून आधी बरं वाटलं. मग सोबतच्या चित्राकडे लक्ष गेलं. उजेडाची तलवार उगारलेला तो गडी ‘स्टार वॉर्स’मधला आहे. पुलंवरच्या लेखाला अत्र्यांचा फोटो लावल्यासारखं झालं हे. ‘स्टार ट्रेक’मधला टोकदार कानांचा स्पॉक तलवार वापरत नाही, तो समोरच्याशी वाद घालतो.

चित्राचं सोडून दिलं असतं. पण लेखात पुढे असं आहे की हे परदेशी खूळ आहे, आणि पन्नाशी-साठीतही जे हे पाहतात त्यांना खऱ्या जगापासून, नोकरी-संसारापासून पळ काढायचा असतो. या दुसऱ्या मुद्द्यावर मला बोलायचं आहे, कारण माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं.

मी नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूमला ऑपरेटर होतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. नाइट करून आलेलो असायचो, डोळे लाल, अंगाला कोळशाचा वास. वसाहतीत शेजाऱ्यांकडे टीव्ही होता, तिथे चटईवर जाऊन बसायचं. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जाई. शेजारच्या आजी दर वेळी विचारायच्या, “हा कानवाला आज काऊन रुसला जी?” तो रुसलेला नसायचा, त्याचा चेहराच तसा, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मला पहिल्या दिवसापासून त्या यानात परकं काहीच वाटलं नाही. अर्धगोलात मांडलेली पॅनल्स, प्रत्येकाचं ठरलेलं डेस्क, मधल्या खुर्चीत शिफ्ट इन-चार्ज, लाल दिवा लागला की सगळ्यांच्या माना एका दिशेला. आमच्याकडे पॅनलच्या वरच्या अंगाला अलार्मच्या खिडक्यांची रांग असे. काही बिघडलं की त्यातली एक फडफडायची, हूटर कोकलायचा. आधी बटण दाबून हूटर बंद करायचा, मग खिडकीवरची अक्षरं वाचायची आणि मग हालचाल. नवीन पोरं आवाजानेच गांगरून भलत्याच स्विचला हात घालायची. कॅप्टन रोज नोंद बोलायचा, आम्ही दर तासाला लॉगशीट भरायचो. पळून जायचं असतं तर मी निदान दुसरं काही तरी पाहिलं असतं. मी ड्यूटीवरून सुटून पुन्हा ड्यूटीच पाहत होतो!

नव्वदीत केबल आली आणि तिच्यासोबत ‘स्टार ट्रेक’ची पुढची मालिका, ‘द नेक्स्ट जनरेशन’. ही १९८७ ते १९९४ चालली. तिचा कॅप्टन पिकार्ड संकट आलं की सगळ्यांना लांब टेबलाभोवती बसवतो, प्रत्येकाचं ऐकतो, मग निर्णय एकट्याने घेतो. हे टीव्हीपुरतंच असतं असं वाटत असेल, तर एका रात्रीचं सांगतो. बॉयलरला पाणी देणारा फीड पंप अचानक ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला. स्टँडबाय पंपाने आपोआप सुरू व्हायला हवं होतं, तो झाला नाही. ड्रममधल्या पाण्याची पातळी डोळ्यांदेखत उतरायला लागली. साहेबांच्या कानाला लोड डिस्पॅचचा, म्हणजे कुणी किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या केंद्राचा, फोन. कोपऱ्यातल्या डेस्कवरचा, नुकताच कायम झालेला पोरगा ओरडला, “साहेब, आधी लोड उतरवा, पंपाचं मागून पाहू!” साहेबांनी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि लोड उतरवायला, म्हणजे वीजनिर्मिती कमी करायला सांगितलं. तू कोण, किती वर्षांचा अनुभव, काही विचारलं नाही. मीटरसमोर तो बसला होता, म्हणून त्या क्षणी शब्द त्याचा. संच वाचला. सकाळी कँटीनमध्ये पोहे खाताना साहेब त्याला एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी ओरडू नको, ऐकू येतं मला.

पण माझा माणूस पिकार्ड नव्हे. माझा माणूस चीफ ओब्रायन.

याच्याविषयी आपल्याकडे कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही, म्हणून थोडं सविस्तर. कोल्म मीनी नावाच्या आयरिश नटाने ही भूमिका केली. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या १९८७च्या पहिल्याच भागात तो दिसतो, तेव्हा पात्राला धड नावही नव्हतं. पुढे तो ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे माणसं क्षणात इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्राच्या, पॅनलवरचा चीफ झाला, आणि १९९३ला याच कुळीतली ‘डीप स्पेस नाइन’ सुरू झाली तेव्हा त्या अंतराळस्थानकाच्या देखभालीचा सगळा भार त्याच्यावर आला. मालिका १९९९ला संपेपर्यंत तो होता. आजूबाजूला बरेचसे अकादमीतून आलेले अधिकारी, हा मात्र हाताने काम शिकत वर आलेला. स्थानक बांधलं शत्रूने, सोडून जाताना त्याची पार वाट लावून ठेवली, आणि त्याच्या यंत्रणेला दुसऱ्यांचे सुटे भाग जुळत नाहीत. तो पॅनलखाली पाठीवर आडवा पडून पुटपुटत काम करतो. जुन्या संचाला सुटे भाग मिळेनासे झाले की काय करावं लागतं हे ज्याने केलंय, त्याला ते पुटपुटणं कळतं.

आणि लेखकाने फुरसतीने पाहावा असा एक भाग आहे, ‘डीप स्पेस नाइन’मधला ‘बार असोसिएशन’, १९९६चा. स्थानकावर क्वार्क नावाच्या फेरेंगी माणसाचा बार आहे. फेरेंगी म्हणजे नफा हाच देव मानणारी जमात, त्यांच्यात युनियन करणं बेकायदेशीर. क्वार्कचा सख्खा भाऊ रॉम तिथेच नोकर. त्याच्या कानाला संसर्ग होतो, तरी आजारपणाची रजा नाही म्हणून तो तसाच राबतो आणि शेवटी कोसळतो. उठल्यावर तो युनियन काढतो आणि संप पुकारतो. त्याला हुरूप देतो कोण, तर ओब्रायन. माझा एक पूर्वज १९०२च्या पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणकामगारांच्या संपाचा पुढारी होता, असं तो छाती फुगवून सांगतो. पूर्वज कल्पित, पण तो संप इतिहासात खरोखर झाला आहे. कोळशावर ज्याची आयुष्यभराची भाकरी, त्या माणसाला अंतराळातल्या बारमध्ये हे ऐकायला मिळतं! मी पॉज करून हिला स्वयंपाकघरातून बोलावलं. हिने एकदा पाहिलं आणि विचारलं, “यांच्या बायकांना विचारलं का, संपात घर कसं चाललं?” तो प्रश्न मालिकेत नाही. आमच्या घरात मात्र होता.

परदेशी खूळ म्हणण्याबद्दल थोडक्यात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ते जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. एवढा मोठा शास्त्रज्ञ टोपणनावाने स्पर्धेत उतरतो, ते पोरखेळ म्हणून नव्हे.

आणखी एक, हे पत्रव्यवहाराचं सदर आहे म्हणून. मूळ मालिका दोन सीझनमध्येच गुंडाळायचा वाहिनीचा विचार होता. बीजो आणि जॉन ट्रिम्बल या जोडप्याने चाहत्यांना पत्रं लिहायला लावली, पत्रांचा ढीग पडला, तिसरा सीझन मिळाला. (तो बराचसा फसला, हे मी चाहता असूनही सांगतो. एकूण ७९ भागांतले निदान दहा-बारा कुणी चोरून नेले तरी तक्रार नाही.) १९७६मध्ये पुन्हा पत्रं गेली, आणि अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचं ठरलेलं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव बदलून मालिकेतल्या यानाचं, ‘एंटरप्राइज’ झालं. ते शटल अंतराळात कधी गेलं नाही, उतरण्याच्या आणि जमिनीवरच्या चाचण्यांसाठीच वापरलं, हा भाग वेगळा.

माझी मागणी लहान आहे. चित्राची दुरुस्ती छापावी. आणि या मालिकांना मराठी सबटायटल्स मिळावीत म्हणून आपल्या ओटीटीच्या सदरात कुणी तरी लिहावं. आमच्या पिढीतले कितीतरी कामगार इंग्रजीपायी या वाटेला गेले नाहीत.

परवा मी युनियनमधल्या एका जुन्या मित्राला घरी बोलावून तो संपाचा भाग दाखवला. थांबवून थांबवून, मराठीत सांगत. शेवट असा की क्वार्क पगारवाढ, रजा, सगळं मान्य करतो, पण एका अटीवर: लोकांसमोर युनियन मोडल्याचं दाखवायचं. रॉम कबूल होतो, बारची नोकरी सोडतो आणि ओब्रायनच्या हाताखाली रात्रपाळीचा कनिष्ठ तंत्रज्ञ म्हणून लागतो. मला वाटलं मित्र टाळ्या पिटेल. तो भडकला. “लेखी करार कुठं हाय? युनियन मोडली, पुढारी दुसऱ्या खात्यात गेला, आन् तू याले जितले म्हणतं?” मी म्हटलं, अरे पण पगार वाढला ना. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात कमी केला तर कोणाकडे जातीन? हे त्याने फाटकाबाहेर गाडीला किक मारेपर्यंत चालवलं. येत्या गुरुवारी पुढचा भाग पाहायला येतो म्हणाला आहे, क्वार्कने खरंच पैसे दिले का ते तपासायला.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर,
मानेवाडा, नागपूर