वचन उचलण्याआधी अख्खा अध्याय वाचा

संपादक महोदय,

बायबल ईश्वरप्रेरित आहे की नाही, यावर आपल्या सदरात आलेली पत्रे वाचली. श्रद्धावंत आणि विरोधक, दोन्ही बाजूंची खोड एकच: हाती लागेल ते वचन उचलायचे आणि निकाल लावून मोकळे व्हायचे.

श्रद्धावंतांचा सारा भर २ तीमथ्य, म्हणजे तीमथ्य या शिष्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या, ३:१६ या वचनावर आहे. प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे, असे तिथे म्हटले आहे खरे. पण आदले वचनही वाचावे. तीमथ्याला बालपणापासून ठाऊक असलेल्या शास्त्राबद्दल ते बोलते, म्हणजे यहुद्यांच्या ग्रंथांबद्दल. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतरचा भाग, तेव्हा एकत्र झालेलाच नव्हता. आजची २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात प्रथम सापडते. आजही प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, तर कॅथॉलिक बायबलमध्ये ७३.

विरोधकांनी दाखवलेल्या विसंगती मात्र काल्पनिक नाहीत. राजा दाविदाने केलेली लोकांची शिरगणतीच घ्या. २ शमुवेल २४ मध्ये परमेश्वराचा कोप त्याला या गणतीसाठी चिथावतो, १ इतिहास २१ मध्ये सैतान. इस्राएलचे तलवार चालवणारे पुरुष एकीकडे ८ लाख, दुसरीकडे ११ लाख. शेवटी वेदी बांधण्यासाठी दाविदाने घेतलेल्या खळ्याची रक्कम एकीकडे ५० शेकेल रुपे, दुसरीकडे ६०० शेकेल सोने. एक किंमत खळ्याची आणि बैलांची, दुसरी सगळ्या जागेची, असे म्हणून रकमेचा मेळ घालता येतो. चिथावले कोणी, हा फरक हिशेबाने मिटत नाही. 'इतिहास' हे पुस्तक बाबेलच्या बंदिवासानंतर, म्हणजे यहुद्यांना बॅबिलोनला कैद करून नेल्याच्या काळानंतर, लिहिले गेले. दुष्टाईचे मूळ थेट देवाकडे न नेणारी समज तोवर रुजली होती, हे उत्तर मला जास्त पटते. तरी दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचकाने स्वतः पाहावे.

खरा घोळ 'प्रेरणा' म्हणजे काय इथे आहे. देवाने शब्द न् शब्द सांगितला आणि माणसाने उतरवून घेतला, असे दोन्ही बाजू धरून चालल्या आहेत. ग्रंथाच्या आत मात्र चित्र बरेच वेगळे आहे. यिर्मया ३६ मध्ये संदेष्टा यिर्मया सांगतो आणि त्याचा लेखक बारूख शाईने लिहितो. यहूदाचा राजा यहोयाकीम तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकतो, असे करत सगळी गुंडाळी जाळतो. ती पुन्हा लिहिताना तशाच पुष्कळ वचनांची भर पडते. शुभवर्तमान लिहिणारा लूक सुरुवातीलाच सांगतो की आपण मुळापासून शोध घेऊन लिहीत आहोत. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ७) एक आज्ञा प्रभूची म्हणून देतो आणि दोनच वचनांनंतर बजावतो की हे मी सांगतो, प्रभू नव्हे. कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मानवी लेखकांना खरे लेखक मानले आणि लेखनप्रकार (काव्य, इतिहास, पत्र वगैरे) पाहूनच अर्थ लावावा, असे सांगितले. इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांच्या १९७८ च्या शिकागो निवेदनाने बायबलच्या निर्दोषत्वाचा दावा काटेकोरपणे मूळ लेखनापुरता केला. ते मूळ लेखन आज एकाही पुस्तकाचे उपलब्ध नाही.

म्हणून प्रेरणा मानणाऱ्यानेच वाचताना जास्त कष्ट घ्यायला हवेत. आधी पाहावे, हे कोणाला लिहिले आहे. 'तुमच्या हिताचे संकल्प मला ठाऊक आहेत' हे यिर्मया २९:११ नोकरीच्या, परीक्षेच्या वेळी आधार म्हणून दिले जाते. तो अध्याय म्हणजे बाबेलात नेलेल्या बंदिवानांना धाडलेले पत्र आहे: घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा. दहाव्या वचनात मुदतही आहे, ७० वर्षे. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. लवकर सुटका होईल म्हणणाऱ्या संदेष्ट्यांना यिर्मया त्याच पत्रात खोटे ठरवतो. त्याच वचनावर झटपट यशाची हमी उभी करणे म्हणजे यिर्मयाने खोटे ठरवलेल्या त्या संदेष्ट्यांच्या पंक्तीला बसणे होय.

मग लेखनप्रकार. नीतिसूत्रे २६:४ म्हणते मूर्खाला उत्तर देऊ नकोस, २६:५ म्हणते दे. संकलकाने ती मुद्दाम लागून ठेवली. कोणते केव्हा लागू, हे ऐकणाऱ्याने ताडायचे. त्यांना कायद्याची कलमे समजले की विरोध दिसू लागतो.

आणि तळटिपा गाळू नयेत. मार्क १६:९–२० ही वचने चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. बहुतेक आधुनिक आवृत्त्यांत तशी टीप असते. सर्प हाती धरण्याचे वचन याच भागातले. त्याच्या आधारे अमेरिकेतल्या काही मंडळ्या उपासनेत विषारी साप हाताळतात. ही प्रथा पसरवणारे जॉर्ज हेन्सली १९५५ साली सर्पदंशानेच दगावले.

– एक वाचक