स्टूल आधी उलटं कर

पुणे

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

नव्या फ्लॅटमध्ये जुनी स्टुलं मांडायचा तुझा बेत आवडला. जुनं कपाट किंवा पलंग आणला की अख्ख्या खोलीला त्याच्या कलाने घ्यावं लागतं. स्टूल चुकलंच, तर उचलून दुसऱ्या खोलीत नेता येतं. फक्त दुकानात वरच्या पॉलिशवर भाळू नकोस. हातात घेतलंस की आधी उलटं कर, सगळी कुंडली खालच्या बाजूला असते.

खरोखर जुन्या स्टुलाची खालची बाजू बहुधा कोरडी, काळपट आणि बिनपॉलिशची असते. जे कुणाला दिसणार नाही त्यावर सुतार पॉलिश खर्ची घालत नसे. तिथेही सगळीकडे सारखाच चॉकलेटी रंग फासलेला दिसला, तर काहीतरी झाकलंय असं समज. चौफुली खाचेचे स्क्रू 1930च्या दशकात आले. एखादाच तसा असेल तर मधे कधीतरी दुरुस्ती झाली असेल, पण सगळेच तसे असतील तर 'आजोबांच्या काळातलं' या विधानाला काही अर्थ नाही. झीजही बघ. पाय टेकवायची पट्टी वरच्या अंगाने, मधोमध झिजलेली हवी. चारी बाजूंच्या कडा सारख्याच गोल झाल्या असतील तर ती सँडपेपरची करामत आहे.

बैठक गोल असेल तर खिशातून टेप काढ. लाकूड वर्षानुवर्षं आडवं आटतं, लांबीत जवळजवळ आटतच नाही. त्यामुळे एकसंध लाकडाची जुनी गोल बैठक लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि रेषांना आडवी अशी दोनदा मोजली की फरक सापडतो. 35 सेंमीच्या बैठकीत साधारण 3 मिमी, सागात त्याहून कमी, कारण साग मुळातच कमी आटतो. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली तर कड नीट बघ, बऱ्याचदा प्लायवूडचे थर दिसतात.

आता कीड. स्टूल वर्तमानपत्रावर ठेवून पाय ठोक. भोकांतून पिठासारखा पांढुरका भुसा पडला तर कीड जिवंत आहे. भोकं काळवंडलेली आणि भुसा अजिबात नाही, तर बहुतेक जुनं प्रकरण आहे. सागाचा गाभा कीड सहसा खात नाही, कडेचं पांढरं लाकूड मात्र पोखरते. असं स्टूल घ्यायचंच असेल तर घरात आणण्याआधी सिरिंजने प्रत्येक भोकात लाकडाच्या किडीचं औषध भर, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळ आणि दोन-तीन आठवडे गॅलरीत ठेव. भोकं मेणाने बुजव. मेणावर पुन्हा भुसा दिसला तर औषध पोचलेलं नाही.

डुगडुगणाऱ्या स्टुलाला घाबरू नकोस, पण त्यात खिळा मारू देऊ नकोस. खिळ्याने लाकूड फाटतं आणि सांधा सैल तो सैलच राहतो. आधी स्टूल ओट्याच्या कडाप्प्यावर ठेवून बघ, कदाचित जमीनच वाकडी असेल. सांधाच हलत असेल तर तो पूर्ण उघडावा लागतो. जुने सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाने, चिकटवलेले असतात आणि सरस गरम पाण्याने सुटतो. चिंधी भिजवून सांध्याला पंधरा-वीस मिनिटं गुंडाळून ठेव, मग लाकडी हातोडीने हळू ठोक. आडवी खुंटी असेल तर ती आधी काढ. निघालेल्या कुसवावरचा (भोकात बसणाऱ्या टोकावरचा) आणि भोकातला जुना सरस पटाशीने पुरता खरवड. ही पायरी टाळली की काम वाया जातं, कारण फेव्हिकॉल लाकडात मुरायला हवा आणि सरसाचा थर त्याला मुरू देत नाही. कुसू बारीक झालं असेल तर त्यावर त्याच लाकडाची पातळ ढलपी चिकटव. शिकंजा (क्लॅम्प) नसेल तर पायांभोवती सुतळीचे दोन वेढे घे आणि मधे काडी घालून पीळ भर. चोवीस तास तसंच राहू दे, त्यावर बसून बघायचा मोह आवर.

पॉलिश काढायची घाई नको. लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा टेकव, चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे. मग घासाघाशीची गरज नाही. एक लिटर स्पिरिटमध्ये 120 ग्रॅमच्या आसपास चपडा लाख रात्रभर विरघळव, गाळून घे आणि सुती कापडाच्या बोळ्याने पातळ हात मार. पावसाळ्यात हे काम काढू नकोस, हवेतल्या दमटपणाने लाख पांढुरकी पडते. कुंडीखालचे काळे डाग लाखेने झाकत नाहीत. त्याला ऑक्झॅलिक आम्ल लागतं, लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम. ते विषारी आहे, हातमोजे घाल आणि काम झाल्यावर लाकूड पाण्याने पुसून घे. अनेक थरांचा जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नकोस, त्यात शिसं असू शकतं. घरात लहान मूल आहे, तेव्हा असं स्टूल सोडूनच दे. सावंतवाडीचे रंगीत पाट-चौरंग घेतलेस तर त्यांना स्पिरिट लावायचं नाही आणि वर गरम भांडंही ठेवायचं नाही.

वेताच्या बैठकीत कडेने भोकं दिसली तर ती हाताने विणलेली. खाचेत बसवलेली पट्टी दिसली तर जाळी तयार आणलेली. थोडी झोळ पडलेली जाळी खालून गरम पाण्याच्या फडक्याने भिजवून सावलीत वाळवली की ताणली जाते. तुटलेली मात्र नव्यानेच विणावी लागते, आणि तो खर्च स्टुलाच्या किमतीएवढाही होऊ शकतो.

मांडताना उंची बघ, शोभा आपोआप येते. सोफ्याशेजारचं स्टूल सोफ्याच्या हाताच्या उंचीला किंवा तीन-चार सेंमी खाली. पलंगाजवळचं गादीच्या पातळीला, नाहीतर रात्री पाण्याचं भांडं चाचपडत बसशील. 85 सेंमीच्या ओट्याला 60 सेंमीचं. तिपाई खडबडीत फरशीवरही डुगडुगत नाही, पण वजन कडेला गेलं की उलटते, म्हणून तिच्यावर जड कुंडी नको. एका कोपऱ्यात तीनांहून जास्त स्टुलं ठेवलीस तर ते गोदाम दिसेल. लाकडं वेगळी असली तर उंची जुळव, उंच-ठेंगणी असली तर लाकूड.

खरेदीला आमच्याकडचा मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तुला मुंबईत जवळ म्हणजे जोगेश्वरी-ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं, नाहीतर चोर बाजारातली मटण स्ट्रीट. तिथे शुक्रवारी जाऊ नकोस, दुकानं बंद असतात.

ताईला न्यू जर्सीला एखादं पाठवायचं म्हणतोस, त्याचं आधी ठरव. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू तुला-मला देशाबाहेर पाठवता येत नाही. नुसतं जुनं दिसणारं स्टूलही कस्टममध्ये अडकू शकतं, म्हणून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. शिसवीवर आंतरराष्ट्रीय निर्बंध वेगळे आहेत, तेव्हा ताईसाठी सागाचंच बघ.

तुझा,
मकरंद