शिकवणी लावण्याआधी मुलाचे चुकलेले पेपर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की अकरावी प्रवेशाच्या फेऱ्यांबरोबर घरोघरी आणखी एक शोध सुरू होतो, इंजिनीअरिंग-मेडिकलच्या प्रवेशपरीक्षांच्या, म्हणजे सीईटी, जेईई किंवा नीटच्या शिकवणीचा. चौकातला फलक, जाहिरातीतले फोटो आणि शेजाऱ्यांचा सल्ला यांच्या भरवशावर दोन वर्षांची फी एकरकमी भरली जाते. आपल्या मुलाचे नेमके अडते कुठे, हे मात्र कुणी बघत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र आणि गणित शिकवून निवृत्त झालेले आम्ही काही शिक्षक पालकांना कळकळीने सांगू इच्छितो की, मुलाने चुकवलेल्या प्रश्नापाशी थांबणारा शिक्षक आधी शोधा. इमारत, वातानुकूलित वर्ग, छापील नोट्स हे सगळे त्यानंतर.

सुरुवात परीक्षेपासून करावी लागते. राज्याच्या एमएचटी-सीईटीत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. इंजिनीअरिंगच्या जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांना १८० मिनिटे मिळतात, पण पर्याय चुकला तर एक गुण जातो. मेडिकलच्या नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, तिथेही चुकीला एक गुण वजा. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के आणि तोही ठरावीक धड्यांपुरता, तर जेईई-नीटला अकरावीचा अभ्यासक्रम बारावीइतकाच महत्त्वाचा. सीईटीसाठी राज्याच्या बालभारतीची पुस्तके, नीटच्या जीवशास्त्रासाठी केंद्राच्या एनसीईआरटीची. ‘आमच्याकडे तिन्हीची तयारी एकदमच होते’ असे कुणी म्हणाले, तर कोणत्या महिन्यात कोणते पुस्तक समोर असेल, एवढे विचारा. नेमके उत्तर मिळाले नाही, तर तिथे नियोजनच नाही असे समजावे.

सगळ्याच विषयांना शिकवणी लागते असेही नाही. सीईटीच्या पीसीएम गटात गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा आहे आणि २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. ऐपत एकाच विषयाची असेल, तर इंजिनीअरिंगकडे जाणाऱ्या मुलासाठी तो विषय बहुधा गणितच असतो. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असले, तरी ते एनसीईआरटीचे पुस्तक ओळ न् ओळ वाचून बऱ्याच अंशी स्वतः करता येते. तिथे मुले अडतात भौतिकशास्त्राच्या १८० गुणांत, आणि शिक्षक हवा तो तिथे.

मूल कुठे अडते हे कळण्यासाठी एक पेपर घरी बसून सोडवून घ्या. बारावीतल्या किंवा रिपीटर (पुन्हा परीक्षा देणाऱ्या) मुलासाठी, जेईई-नीट घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि सीईटी कक्षाची सराव परीक्षा उपयोगी पडते. दहावी झालेल्या मुलासमोर जेईईचा पेपर टाकून त्याला घाबरवू नका. त्याच्यासाठी दहावीपर्यंतच्या गणिताचे २५ प्रश्न पुरेत : घातांक, अवयव, वर्गसमीकरण, त्रिकोणमितीय गुणोत्तरे, आलेखावरून वाचन, एककांचे रूपांतर. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर हे त्याला कागदावर करता येते का? दहाचे ऋण घात भागाकारात आले की चिन्ह चुकते का? या परीक्षांना कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि अकरावीत ‘फिजिक्स जमत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांचे खरे दुखणे इथल्या आकडेमोडीत असते. अशा मुलाला फिजिक्सचा मोठा क्लास लावून उपयोग होत नाही. दोन महिने गणिताचा पाया पक्का करून देणारा शिक्षक त्याला जास्त कामाचा.

पेपर तपासताना गुणांची बेरीज शेवटी करा. आधी प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. चारही कारणांवरचे औषध वेगवेगळे आहे. एक साधा प्रश्न घेऊ. एक गाडी थांबलेल्या स्थितीतून २ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने निघाली, तर पाचव्या सेकंदात किती अंतर कापेल? पुष्कळ मुले २५ मीटर लिहितात. पहिल्या पाच सेकंदांतले अंतर २५ मीटर हे बरोबरच आहे, पण विचारले आहे फक्त पाचव्या सेकंदातले. पहिल्या चार सेकंदांत १६ मीटर झाले, म्हणून उत्तर ९ मीटर. इथे एखादा शिक्षक फळ्यावर ‘एन’व्या सेकंदाचे सूत्र लिहून ‘पाठ करा’ म्हणेल आणि पुढच्या प्रश्नाकडे वळेल. दुसरा विचारेल, ‘तुझे २५ कसे आले ते सांग.’ त्या एका वाक्याने कळते की मुलाला सूत्र येते, फक्त ‘पाच सेकंदांत’ आणि ‘पाचव्या सेकंदात’ यांतला फरक डोळ्यांतून निसटला. हा दुसरा शिक्षक आपल्याला हवा आहे. तो पदवीने मोठा असेलच असे नाही.

डेमो लेक्चरवरून हे समजत नाही. डेमोला नेहमी हातखंडा धडा निवडलेला असतो, शिकवायला सर्वांत चांगले सर पाठवलेले असतात. त्याऐवजी चालू बॅचमध्ये दोन-तीन दिवस बसू द्या म्हणावे, आणि त्यांतला एक दिवस टेस्टच्या चर्चेचा असावा. जूनपासून आपल्या बॅचला हेच सर येणार का, हे स्पष्ट विचारून नाव लिहून घ्यावे. मुलाने घरी येऊन ‘सर भारी शिकवतात’ म्हटले की लगेच हुरळू नका. सरांनी सोडवलेलाच प्रश्न आकडे बदलून त्याला कोऱ्या कागदावर करायला द्या. फळ्यावर बघताना सगळे सोपे वाटते, आणि याच गैरसमजात मुलांचे वर्ष निघून जाते.

आणखी एक मागणी जरूर करा. सध्या शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचा तपासलेला पेपर नाव झाकून दाखवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी टेस्टनंतर पालकांच्या मोबाइलवर गुण आणि रँक येतो, एवढेच. ते मुलाचे मोजमाप झाले, शिकवणे नव्हे. बॅच वीस-पंचवीसची असेल, तर शिक्षक वह्या बघू शकतो. ऐंशी-शंभरांची असेल, तर डाउटची वेळ कोणती, आठवड्यातून किती तास आणि तिथे शिकवणारे शिक्षक स्वतः बसतात की नुकताच इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा बसवलेला असतो, हे विचारा.

चांगला शिक्षक सापडायचा कसा? गेल्या दोन वर्षांत बारावी झालेल्या मुलांना विचारा, पण फलकावर फोटो लागलेल्यांना विचारून फारसे हाती लागत नाही. ती मुले कुठेही गेली असती तरी पुढे आली असती. दहावीला ७०-७५ टक्के असलेला आणि पुढे ठीकठाक कॉलेज मिळवलेला मुलगा काय सांगतो, ते ऐका. निवृत्त प्राध्यापक, एमएस्सी करणारे विद्यार्थी, तालुक्याच्या गावात दहा-बारा मुलांची बॅच घेणारे सर यांच्याकडे कितीदा तरी उत्तम शिकवणे मिळते, पण जाहिरात नसल्याने कुणी फिरकत नाही. घरी येणारा शिक्षक ठेवलात, तर आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास पुरतो. त्यात पहिली २० मिनिटे मागच्या चुकांना, पुढची ४० नव्या भागाला आणि शेवटचा अर्धा तास घड्याळ लावून प्रश्न सोडवायला द्यावा. सीईटीच्या हिशेबाने गणिताचे १५ प्रश्न २७ मिनिटांत बसतात. शिकवणी घराच्या पुढच्या खोलीत, दार उघडे ठेवून व्हावी.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी पाहावी लागते. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतून देता येते, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. समजावून मराठीत सांगणारा आणि प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत वाचायला लावणारा शिक्षक या मुलांना लवकर स्थिर करतो.

जाहिरातीतल्या ‘९९ पर्सेंटाइल’कडे नीट पाहा. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर शंभरातल्या किती जणांचे गुण त्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत ते; आणि कितीदा तो आकडा एकाच विषयाचा असतो, एकूण निकालाचा नसतो. तोच मुलगा एका ठिकाणी दोन वर्षे शिकलेला, दुसरीकडे फक्त टेस्ट सिरीज घेतलेला आणि तिसरीकडे क्रॅश कोर्सला गेलेला असू शकतो. तिघेही त्याचा फोटो लावतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे विद्यार्थ्याचा फोटो छापायला निकालानंतरची लेखी संमती लागते. त्याने कोणता कोर्स, किती काळ केला आणि पैसे भरून केला का, हेही जाहिरातीत सांगावे लागते. ते छापलेले नसेल, तर तोंडी विचारा.

पैशांच्या बाबतीत पालकांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून इथे सविस्तर लिहितो. दोन वर्षांची फी एकदम भरल्यास मिळणारी सवलत मोहाची असते, पण तीन महिन्यांत मुलाला तिथे जमत नाही असे दिसले, तर हातात काहीच उरत नाही. महिन्याची किंवा तिमाहीची फी थोडी जास्त पडली तरी तीच स्वीकारावी. ‘सोपे हप्ते’ म्हणून सही करायला दिलेला कागद पुष्कळदा वित्तसंस्थेच्या कर्जाचा असतो. क्लास सोडला किंवा क्लासच बंद पडला, तरी तुमचे हप्ते चालूच राहतात आणि तगादा तुमच्याकडे लागतो. पुढच्या तारखांचे चेक, कोरे चेक आणि मुलाची मूळ गुणपत्रिका क्लासला देऊ नका. प्रत्येक रकमेची पावती घ्या.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी ती आहेत. मूल मध्येच गेल्यास उरलेल्या काळाची फी, वसतिगृह आणि मेसच्या रकमेसह, १० दिवसांत परत करावी. मधेच फी वाढवू नये. रँकची हमी देऊ नये. शिक्षक किमान पदवीधर असावेत. दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग नकोत आणि आठवड्यातून एक सुट्टी असावी, असे त्यात म्हटले आहे. हा कायदा नव्हे, त्याची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे. तरी फी परत मागताना अर्ज लेखी द्यावा, त्यात या तत्त्वांचा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तक्रार दाखल करायला शुल्क नाही.

इंटिग्रेटेड म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, हा प्रकार आता गावोगाव आहे. तिथे प्रॅक्टिकल खरोखर होतात का, हे प्रयोगशाळेत जाऊन पाहा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. इंजिनीअरिंग प्रवेशाला खुल्या वर्गासाठी बारावीत संबंधित विषयांत ४५ टक्के आणि राखीव वर्गासाठी ४० टक्के लागतातच. सीईटीत चांगले गुण मिळवूनही बारावीत कमी पडल्याने अडकलेली मुले पाहिली की वाईट वाटते.

पैसे नसतील, तरी मार्ग आहेत. केंद्र सरकारचे ‘साथी’ हे आयआयटी कानपूरच्या मदतीने चालणारे व्यासपीठ जेईई-नीटसाठी मोफत आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरच्या ‘महाज्योती’चे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आहे; त्यात टॅबही दिला जातो. दहावीच्या निकालानंतर अर्जाची मुदत असते, ती चुकवू नये. मात्र ध्वनिचित्रफिती पाहून चुका दुरुस्त होत नाहीत. अशा मुलाच्या शंका बघायला आठवड्यातून एक तास जवळचा एखादा शिक्षक मिळाला, तरी या मोफत साधनांचे चीज होते.

शिकवणी सुरू झाल्यावर मुलाला चुकांची वही घालायला लावा : प्रश्न, आपले उत्तर, चुकण्याचे कारण, आणि दहा दिवसांनी न बघता पुन्हा सोडवल्याची तारीख. सहा आठवड्यांनी पहिल्यासारखाच पेपर द्या. गुण थोडेच वाढले असतील, पण चुकांचे प्रकार बदलले असतील, तर शिक्षक योग्य आहे. त्याच चुका तशाच असतील, तर शिक्षकांशी ती वही समोर ठेवून बोला. ते वही उघडून बघायलाही तयार नसतील, तर आणखी वाट न पाहता शिकवणी बदला.

रिपीटर मुलांनी सीईटीनंतर आक्षेप नोंदवण्याच्या मुदतीत आपल्या लॉगिनमध्ये दिसणारी प्रश्नपत्रिका आणि उत्तरे त्याच दिवशी साठवून ठेवावीत. नव्या शिक्षकाला सुरुवात करायला त्याहून उपयोगी कागद नाही. आणि सीईटी कक्षाला आमची विनंती आहे की, प्रवेशप्रक्रिया संपल्यावर सर्व सत्रांच्या प्रश्नपत्रिका अंतिम उत्तरांसह संकेतस्थळावर कायमच्या खुल्या ठेवाव्यात. खरे पेपर मोफत मिळाले, तर शिराळ्यातला किंवा अक्कलकुव्यातला एखादा शिक्षकही आपल्या दहा मुलांना पुण्यातल्या क्लासइतकाच सराव देऊ शकेल.

आपले,
विज्ञान शाखेचे काही निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक, सातारा