बाटलीचं झाकण सैल करून ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. प्रवाशांच्या हॉस्टेलात नाव विचारायची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी कुठून आलात, किती दिवस आहात, पुढे कुठे. आपलं तेवढंही धड झालं नाही. मी तापानं फणफणले होते, त्यामुळे बोलायचं काम तुम्हा एकटीवरच पडलं.

आधीच्या हॉस्टेलबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. तिथे रात्री स्वयंपाकघरात ‘आपण प्रवासी म्हणजे एकच कुटुंब’ म्हणत गप्पा रंगवणारी मंडळी होती. मला खोकल्याची उबळ आली, तशी त्याच कुटुंबातली माणसं उशा उचलून दुसऱ्या खोलीत गेली. जाताना तक्रारही करून गेली. काउंटरवरच्या माणसानं ताप किती आहे ते विचारलं नाही, खोली कधी सोडताय एवढंच विचारलं. लागणीची भीती मला कळते. पण पाण्याचा ग्लास लांबूनही ठेवता येतो की!

आपल्या हॉस्टेलात मात्र तुम्ही मला वरच्या पलंगाच्या शिडीवर धडपडताना पाहिलंत आणि काही न विचारता आपली चादर वर नेलीत. खालचा पलंग, त्यात उशाशी चार्जिंगचा प्लग. डॉर्ममध्ये असली जागा कुणी सुखासुखी सोडत नाही. डॉक्टरांकडे नेलंत, गोळ्या आणल्यात, त्याचे आभार आहेतच. पण मनात घर करून बसलंय ते झाकण. रात्री जाग आली तेव्हा घशाला कोरड पडली होती, हात लटपटत होते. उशाशी बाटली होती. जोर लावायच्या तयारीनं हात घातला, तर झाकण नुसतं टेकवलेलं. आजाऱ्याजवळ पाणी ठेवणं कुणालाही सुचेल. पण हिच्या बोटांत रात्री जोर नसेल आणि झोपलेल्या खोलीत ही कुणाला हाकही मारणार नाही, हे तुम्हाला कसं सुचलं? तुम्ही कधी अशाच एकट्या पडून होतात का? विचारायचं राहून गेलं.

तुम्ही सांगितलेली शिरमान मास्तरांची गोष्ट मी ग्लानीत अर्धीच ऐकली, नंतर वाचून काढली. १९०९ साली हे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळात सापडले. एका शाळेत आसरा मिळाला. मुलं पेंढ्यावर झोपली, मास्तर जागेच; सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, तर तिथे मुलांची अशी सोय का नसावी, हा विचार त्या रात्रीचा. १९१२मध्ये जर्मनीतल्या आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल निघालं. म्हणजे या सगळ्याचं मूळ, इतर झोपलेले असताना कुणीतरी जागं राहण्यात आहे! तुम्हाला ती गोष्ट का आवडते, ते आता कळलं.

पहाटेच्या गाडीवाले पिशव्या चुरचुरवून अख्खी खोली उठवतात. तुम्ही रात्रीच कॉरिडॉरमध्ये बॅग भरून ठेवली होतीत म्हणे. त्यामुळे मला जाग आली नाही आणि निरोप राहिला, तो हा असा घेतेय. ताप उतरला. खोकला थोडा आहे अजून.

तुमची,
तापवाली